सकाळी सर्व्हर दिसत नाही, किंवा फोल्डर रिकामा दिसतो: छोट्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर कसा तपासावा

‘ताई, सर्व्हर गेला.’ हा फोन मला बहुतेक सकाळी साडेदहाच्या सुमाराला येतो, आणि तो येण्याचे दिवसही आता पाठ झालेत. वळवाच्या पहिल्या पावसानंतरचा दिवस, दिवाळीनंतर लाभपाचमेला ऑफिसं उघडतात तो दिवस, आणि वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, आटोपल्यावरची १६ जानेवारी. ऑफिस बंद असताना लाइट गेलेली असते, आलेली असते, पुन्हा गेलेली असते, आणि तेव्हा तिथे कुणी नसतं.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर आणि मकरपुरा जीआयडीसी इथल्या छोट्या ऑफिसांत मी लिनक्स सर्व्हर बसवून देते. पाच ते पंधरा कॉम्प्युटर, कोपऱ्यात उबुंटू किंवा डेबियन टाकलेली एक पेटी, तिच्यावर सांबा (सर्व्हरवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम), आणि सांबावर टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, बिलं, स्कॅन केलेले कागद. असा ‘गेलेला’ सर्व्हर बहुतेक वेळा तासाभरात परत उभा राहतो. खरं नुकसान होतं ते घाईत: कुणी डिस्क फॉरमॅट करतं, कुणी सगळी सिस्टीम नव्याने टाकतं, कुणी रिकाम्या फोल्डरात जुना बॅकअप ओततं. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम इथे देते. आज्ञा फोनवर सांगते तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळी अक्षरं इंग्रजी लहान लिपीतली, आणि ‘डॅश’ म्हणजे आडवी छोटी रेघ.

लक्षणं

आधी नीट बघा की तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय.

१. झेड ड्राइव्हवर (विंडोजमध्ये सर्व्हरचा फोल्डर ज्या नावाने दिसतो त्यावर) लाल फुली, आणि उघडायला गेलं की ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’.

२. ड्राइव्ह उघडते, पासवर्ड चालतो, पण आत काहीच नाही. सगळे फोल्डर गायब.

३. फायली दिसतात, उघडतात, पण सेव्ह करताना अडतं.

४. चालतं, पण मधेच तुटतं. दहा मिनिटं ठीक, मग पाच मिनिटं गायब.

५. बाकी सगळ्यांना दिसतं, एकाच कॉम्प्युटरला दिसत नाही.

दुसरं लक्षण असेल तर इथेच थांबा आणि ऑफिसात मोठ्याने सांगा: त्या फोल्डरात कुणीही काहीही ठेवायचं नाही. का ते पुढे येईल.

आधी हात लावून बघायच्या गोष्टी

सर्व्हरचा दिवा लागलाय का? तो लागला असेल तर मागे लॅनची वायर जिथे जाते तिथला छोटा दिवा लुकलुकतोय का? मग नेटवर्क स्विच बघा. मी पाहिलेल्या निम्म्या ऑफिसांत सर्व्हर यूपीएसवर असतो आणि स्विचचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये. लाइटचा झटका आला की सर्व्हर वाचतो आणि अडॅप्टर जळतो. मग सगळ्या कॉम्प्युटरना सर्व्हर ‘गेलेला’ दिसतो. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपिअरचा अडॅप्टर आणायचा, आणि यापुढे स्विच आणि राउटर दोन्ही यूपीएसवर घ्यायचे.

सर्व्हर बंदच असेल तर बटण दाबून चालू करा आणि मॉनिटर लावून पहिला स्क्रीन बघा. लाइट आल्यावर पेटीने आपोआप चालू व्हावं यासाठी बायोसमध्ये (पेटी सुरू होताना मदरबोर्डच्या सेटिंग उघडतात तिथे) एक सेटिंग असते, वीज परतल्यावर काय करायचं ते सांगणारी. ती ‘पॉवर ऑन’वर हवी. पण हीच सेटिंग काही वर्षांनी आपोआप जुन्या जागी गेलेली सापडते, कारण मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं दिसलं तर सेल संपलाच म्हणून समजा. नवा सेल मीटरवर ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. तो बदलायला दोन मिनिटं लागतात, मात्र पेटीची वायर आधी भिंतीतून काढा. घड्याळ चुकीचं राहिलं तर बॅकअपचा हिशोबही बिघडतो, कारण नवी फाइल कोणती आणि जुनी कोणती हे तारखेवरून ठरतं.

पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर सर्व्हर बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. त्याआधी आत हात घालू नका.

एकालाच दिसत नाही

पाचवं लक्षण असेल तर दोष सर्व्हरकडे नाही, त्या कॉम्प्युटरकडे शोधायचा. आधी त्याची वायर दुसऱ्या पोर्टला लावून बघा. मग विंडोजने साठवलेला जुना पासवर्ड काढून टाका आणि नव्याने द्या.

हल्ली याचं एक वेगळंच कारण निघतं. विंडोज ११ची २४एच२ ही आवृत्ती आल्यापासून प्रो विंडोज पासवर्डशिवायचा ‘गेस्ट’ प्रवेश नाकारते, आणि सांबाशी बोलताना सही केलेली पाकिटं मागते. ज्या ऑफिसात सर्व्हर ‘सगळ्यांना मोकळा’ ठेवलाय तिथे नवा कॉम्प्युटर आला की तो एकटाच बाहेर राहतो. हे रोखणारी सुरक्षा विंडोजमधून बंद करण्याच्या युक्त्या सापडतात. त्या करू नका. सर्व्हरवर प्रत्येक माणसाचं वेगळं नाव आणि पासवर्ड तयार करा. पंधरा माणसांसाठी अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कोणी कुठली फाइल पुसली हेही पुढे शोधता येतं.

जुन्या स्कॅनरसाठी एसएमबीची (विंडोज आणि सांबा ज्या भाषेत बोलतात तिची) पहिली आवृत्ती उघडून द्या, असं कुणी सुचवलं तरी नको. मे २०१७मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. सांबाने ४.११पासून ती मुळातच बंद ठेवली आहे. स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या, किंवा ईमेलने पाठवता येत असतील तर तसं करा.

पत्ता बदललाय का

आता सगळ्यांना दिसत नाही असं धरून चालू. कुठल्याही कॉम्प्युटरवरून सर्व्हरला नावाने नाही, थेट आकड्यांच्या पत्त्याने उघडून बघा: दोन उलट्या तिरप्या रेघा आणि मग १९२.१६८.१.१० असा जो पत्ता असेल तो. पत्त्याने उघडला आणि नावाने नाही, तर डेटा सुखरूप आहे, घोळ नावाचा आहे. विंडोजच्या ‘नेटवर्क’ खिडकीत सर्व्हरचं चित्र न दिसणं हा तर बिघाडच नव्हे. जुनी यादी करण्याची पद्धत एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीबरोबर गेली. ते चित्र हवंच असेल तर सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी टाकावं लागतं.

पत्त्यानेही उघडला नाही तर सर्व्हरच्या स्क्रीनवर ‘आयपी स्पेस ए’ टाइप करा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर सर्व्हरला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही. वायर, स्विच, राउटर पुन्हा बघा. पत्ता वेगळाच असेल तर इंटरनेटवाल्याने राउटर बदलला असण्याची शक्यता मोठी. जुना राउटर १९२.१६८.१चे पत्ते वाटत होता, नवा १९२.१६८.०चे वाटतो, आणि सगळ्या कॉम्प्युटरवरचे झेड ड्राइव्ह जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, किंवा सर्व्हरवरच कायमचा लिहा. कायमचा लिहिलात तर राउटर जे पत्ते वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा घ्या.

चौथं लक्षण, म्हणजे मधेच येणं-जाणं, बऱ्याचदा एकच पत्ता दोघांना मिळाल्याने होतं. रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात मी दोन वेळा स्विच बदलला, वायर बदलली, आणि तरी दर थोड्या वेळाने सर्व्हर गायब. शेवटी सर्व्हरची लॅनची वायर काढून ठेवली आणि त्याच पत्त्याला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, तर उत्तर आलं. सर्व्हर जोडलेलाच नसताना उत्तर कोण देतंय? त्याच आठवड्यात बसवलेला कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. तेव्हापासून असं येणं-जाणं दिसलं की मी वायर काढून पिंग करण्यापासूनच सुरुवात करते. पैसा लागत नाही, आणि एका मिनिटात कळतं.

सांबा आणि जागा

‘सिस्टमसीटीएल स्टेटस एसएमबीडी’ टाइप करा. हिरव्या अक्षरात चालू असल्याचं दिसलं तर पुढे जा. नसेल तर ‘टेस्टपार्म’ चालवा. सेटिंगच्या फाइलमध्ये कुणी हात घातला असेल तर चुकलेली ओळ तिथेच कळते.

मग ‘डीएफ डॅश एच’. शंभर टक्के भरलेली ओळ दिसली तर तिसऱ्या लक्षणाचं कारण सापडलं. टक्के ठीक असतील तरी ‘डीएफ डॅश आय’ बघा. लाखो छोट्या फायली असल्या की जागा उरते, पण नव्या फाइलला नोंदवहीत ओळ उरत नाही, आणि चूक तीच येते. भरण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे सांबाची कचरापेटी. कुणी चुकून पुसलं तर परत मिळावं म्हणून आपणच ती लावतो, आणि मग कधी रिकामी करत नाही. तीस दिवसांपेक्षा जुनं आपोआप निघेल असं काम रात्रीच्या वेळापत्रकात लावून द्या.

मात्र एक बघा. भरलेली ओळ डेटाच्या डिस्कची आहे की सिस्टीमच्या डिस्कची? कालपर्यंत वीस टक्क्यांवर असलेली सिस्टीमची डिस्क आज अचानक भरली असेल, तर काहीही पुसू नका आणि पुढचा भाग वाचा.

रिकामा फोल्डर

हे प्रकरण मी सगळ्यात जास्त वेळा निस्तरलं आहे, आणि याच्यात रडकुंडीला आलेली माणसंही पाहिली आहेत.

बहुतेक सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात. छोटीवर सिस्टीम, मोठीवर डेटा. मोठी डिस्क सिस्टीममधल्या एका रिकाम्या फोल्डरावर जोडलेली असते, त्याला माउंट करणं म्हणतात. भिंतीत रिकामा कोनाडा आहे आणि त्याच्या समोर कपाट उभं केलंय असं समजा. आपण रोज कपाटात सामान ठेवतो. एक दिवस लाइट गेल्यानंतर सर्व्हर सुरू होताना कपाट जागेवर आलंच नाही, तर आपल्याला दिसतो मागचा मोकळा कोनाडा. सांबा तोच दाखवतं. सामान कुठेही गेलेलं नाही, ते कपाटात आहे.

आता कुणी त्या कोनाड्यात सामान ठेवलं तर? दांडिया बाजारातल्या एका हिशोबनिसांच्या ऑफिसात नेमकं हेच झालं. सकाळी फोल्डर रिकामा दिसला, तिथल्या काकांनी पेनड्राइव्हवरचा बारा दिवसांपूर्वीचा टॅलीचा बॅकअप त्यात टाकला आणि कामाला लागले. तीन दिवस नोंदी केल्या. चौथ्या दिवशी पुन्हा लाइट गेली, आली, आणि या वेळी डिस्क नीट जोडली गेली. तीन दिवसांच्या सगळ्या नोंदी गायब, आणि मधल्या बारा दिवसांच्या नोंदी परत हजर. काका खुर्चीत बसून स्क्रीनकडे नुसते बघत होते. त्या नोंदी कपाटाच्या मागे, कोनाड्यात तशाच होत्या. सांबा थांबवलं, सिस्टीमची डिस्क दुसऱ्या जागी बाइंड माउंट करून मागचा फोल्डर उघडला, सगळं वेगळ्या ठिकाणी उतरवून घेतलं, आणि ती तीन दिवसांची व्हाउचर निर्यात करून खऱ्या डेटात घातली. संध्याकाळचे सात वाजले.

तपासायला ‘एलएसबीएलके’ टाइप करा. डिस्कची यादी येते, आणि प्रत्येकीपुढे ती कुठे जोडली आहे ते दिसतं. मोठी डिस्क यादीत आहे पण पुढची जागा मोकळी आहे, म्हणजे ती जोडलेली नाही. मोठी डिस्क यादीतच नसेल तर पेटी बंद करून तिची डेटाची आणि विजेची, दोन्ही वायरी काढून घट्ट लावा.

डिस्क का जोडली जात नाही? बऱ्याचदा एफएसटॅब फाइलमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) तिला एसडीबी१ अशा नावाने लिहिलेलं असतं. हे नाव कायमचं नसतं. रात्री कुणी बॅकअपची यूएसबी डिस्क लावून ठेवली आणि लाइट जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तर नावांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून ‘बीएलकेआयडी’ने मिळणारा यूयूआयडी लिहायचा. तो त्या डिस्कचाच असतो, लावण्याच्या क्रमावर बदलत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एफएसटॅबच्या त्या ओळीत ‘नोफेल’ लिहिलेलं नसेल तर डिस्क न सापडल्यावर सिस्टीम दीड मिनिट वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये थांबते. ऑफिसला दिसतं पहिलं लक्षण. ‘नोफेल’ लिहिलेलं असेल तर सिस्टीम पुढे जाते आणि ऑफिसला दिसतं दुसरं लक्षण. बिघाड एकच, चेहरे दोन. मी ‘नोफेल’ लिहिते, कारण मग मला घरून सर्व्हरमध्ये शिरता येतं. पण त्याच्या जोडीला दोन बंदोबस्त करते. सांबाला डिस्कच्या माथ्यावरचा फोल्डर न देता डिस्कच्या आत ‘काम’ नावाचा फोल्डर करून तो देते. डिस्क जोडली नसेल तर ‘काम’ अस्तित्वातच नसतो, आणि विंडोज रिकामा फोल्डर दाखवण्याऐवजी चूक दाखवतं. दुसरं, डिस्क अनमाउंट केलेली असताना त्या कोनाड्यावर ‘सीएचएटीटीआर प्लस आय’ लावते, म्हणजे त्यात चुकूनही काही लिहिलं जात नाही. त्या हिशोबनिसांकडे हे दोन्ही केल्यापासून रिकाम्या फोल्डरचा फोन आलेला नाही.

डिस्क स्वतःच तक्रार करत असेल तर

जागा आहे, डिस्क जोडलेली आहे, तरी सेव्ह होत नाही. मग ‘डीमेसेज’चा (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) उतारा बघा. ईएक्सटी४ला (डिस्कवर फायली मांडण्याची लिनक्सची पद्धत) आपल्या नोंदींत गडबड दिसली की ती डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवायची, अशी सोय असते, आणि ती तुमच्या भल्यासाठी आहे. जबरदस्तीने लिहिण्यासाठी उघडू नका. आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, कारण वाचता येतंय तोवर सगळं हातात आहे.

मग ‘स्मार्टसीटीएल डॅश ए’ आणि डिस्कचं नाव. लांब यादी येते, पण साध्या फिरत्या डिस्कसाठी मी चार ओळी बघते: ५, १९७, १९८ आणि १९९. शेवटच्या रकान्यात १९९चा आकडा वाढत असेल तर बहुधा वायर खराब आहे, नवी साटा वायर लावा. ५चा आकडा थोडा असेल आणि महिनोन्महिने तेवढाच असेल तर डिस्क बदलण्याची तयारी ठेवा. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल तर डिस्कला वाचता न येणाऱ्या जागा आहेत. या डिस्कवर एफएससीके (डिस्कच्या नोंदी तपासणारी आज्ञा) चालवू नका. एफएससीके नोंदी दुरुस्त करताना लिहितं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलेलंही घालवणं. निरोगी डिस्कवर चालवायचं तरी ती आधी अनमाउंट करून, जोडलेल्या अवस्थेत कधीच नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

पुढच्या कुठल्याही परिस्थितीत स्वतः काही करू नका.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येतोय. पेटी बंद करा, वायर काढा, ‘एकदा लावून बघू’ नको. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतलं डोकं तबकडीवर घासण्याचा धोका असतो.

१९७ किंवा १९८ वाढतोय आणि ताजा बॅकअप नाही. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा काढून मग त्या प्रतिमेवर काम करणारा माणूस हवा. ‘आधी प्रतिमा काढता का?’ हे फोनवरच विचारा. नाही म्हणाला तर दुसरा शोधा.

दोन डिस्कची रेड (दोन डिस्क एकत्र चालवण्याची रचना) आहे आणि दोन्हींबद्दल शंका आहे. रेड पुन्हा ‘तयार’ करण्याची आज्ञा देऊ नका.

फायलींच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागलंय आणि प्रत्येक फोल्डरात पैशांची मागणी करणारी चिठ्ठी आहे. स्विचमधून सगळ्या वायरी काढा, बॅकअपची डिस्क अजिबात लावू नका, आणि माणूस बोलवा.

पाणी शिरलंय. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या पेट्या लोकांनी उन्हात वाळवून चालू केल्या. ओली डिस्क चालू करू नका, तांदळात किंवा उन्हात ठेवू नका, जशी आहे तशी डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. सर्व्हर बसवणारा आणि बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणारा हे दोन वेगळे कारागीर असतात. मी दुसरं काम करत नाही.

फोन करताना या गोष्टी हाताशी ठेवा: कुठलं लक्षण, कधीपासून, लाइट गेली होती का, त्यानंतर कुणी काय काय केलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लपवू नका. ‘फोल्डर रिकामा होता म्हणून बॅकअप टाकला’ एवढं एक वाक्य आधी कळलं तर माझे चार तास वाचतात आणि तुमच्या नोंदी. मी बसवलेल्या प्रत्येक पेटीच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते: सर्व्हरचा पत्ता, मोठी डिस्क कुठल्या पोर्टला आहे, तिच्या यूयूआयडीची शेवटची चार अक्षरं, सेल बदलल्याची तारीख, यूपीएसची बॅटरी बदलल्याची तारीख. आणि सगळ्यात खाली, पेन्सिलीने, बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघितल्याची तारीख. ती दर महिन्याला खोडून नवी लिहायची असते.